‘तरतूद नाही’ या शेऱ्याविषयी : राज्याच्या दोन आरोग्य विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग,
मा. मंत्री व मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

विषय : संसर्गजन्य रोगांच्या साथरोगशास्त्रात चिकित्सक-संशोधक घडवण्याची व्यवस्था करण्याबाबत

सन्माननीय महोदय,

मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस आणि त्यानंतर जनऔषधवैद्यकशास्त्रात, म्हणजे ज्याला आम्ही सगळे अजूनही पीएसएमच (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतो त्या विषयात, एमडी केलेली डॉक्टर असून सध्या बंधपत्रित सेवेत, म्हणजे शासकीय शिक्षणाच्या बदल्यात करायच्या सक्तीच्या सेवेत, आहे. साथरोगशास्त्राच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ क्षेत्रीय प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली, तेव्हा हा काळ बंधपत्रित सेवेत धरावा, आणि ते शक्य नसेल तर उरलेली सेवा प्रशिक्षणानंतर पूर्ण करण्याची मुभा द्यावी, असा रीतसर अर्ज मी केला. सात आठवड्यांनी उत्तर आले. मजकूर एका ओळीचा होता : ‘नियमात तरतूद नसल्याने विनंती अमान्य.’ ज्या कार्यालयातून ते आले त्याचे नाव मी येथे घेत नाही, कारण तिथल्या लिपिकाने खोटे काहीच लिहिलेले नाही. तरतूद खरोखरच नाही. ती का नसावी, हे मात्र त्या टेबलावर विचारून उपयोग नाही. ते आपल्यालाच विचारायला हवे, आणि हा प्रश्न माझ्या एकटीच्या रजेचा नसल्यामुळे सर्वांसमक्ष विचारायला हवा.

हे प्रशिक्षण मला का हवे आहे, हे सांगण्यासाठी एका गावाची हकिकत सांगते. एमडीच्या काळात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाप्रमाणे जिल्हा निवासी कार्यक्रमाचे, म्हणजे डीआरपीचे, तीन महिने मी एका जिल्हा रुग्णालयात काढले. दुसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी आठवा महिना भरलेली एक स्त्री प्रसूती कक्षात दाखल झाली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि बोलणे असंबद्ध होते. दोन दिवसांनी ती गेली. कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत बाकावर बसलेल्या तिच्या सासूबाईंनी सहज सांगितले, की आमच्या आळीत अजून चौघांना कावीळ आहे आणि सगळे गावठी औषध घेत आहेत. वॉर्डातल्या कोणीही ते वाक्य केसपेपरवर लिहिले नाही. त्यांचा दोष नाही. रुग्णाच्या आळीत काय चालले आहे यासाठी केसपेपरवर रकानाच नसतो.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या गाडीतून मी त्या गावात गेले. आशाताईंनी आपल्या वहीच्या मागच्या पानांवर घरांप्रमाणे नावे लिहून ठेवली होती; आमची लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णांची तपशीलवार यादी, तिथूनच सुरू झाली. पाणी एक दिवसाआड, तासभर येत असे. जलसुरक्षकाने पाणी शुद्ध करण्याच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीची गोणी दाखवली, ती दमट होऊन दगडासारखी झाली होती. आरोग्य सेवकाने नळाखाली परीक्षानळी धरून क्लोरीन तपासणाऱ्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे व्हायला हवे. ज्या गावात माणसांचे डोळे पिवळे झाले होते तिथे नळाचे पाणी काही केल्या पिवळे होईना. खालच्या आळीला जाणारी पाइपलाइन गटाराच्या कडेने जात होती आणि तिच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुडघाभर सांडपाणी साचले होते. पाणी बंद असताना पाइपातला दाब उतरतो आणि जोड ढिला असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. रुग्णांच्या तारखा आठवड्यांनुसार मांडल्या आणि हिपॅटायटीस ई या दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीच्या अधिशयन काळाइतके, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचे साधारण पाच-सहा आठवडे, मागे मोजत गेले, तेव्हा बोट नेमके त्या दिवसांवर आले ज्या दिवसांत रस्त्याच्या कामासाठी तिथे खोदकाम झाले होते.

इथपर्यंतचे काम कोणताही जागरूक आरोग्य कर्मचारी करतो आणि केलेही. व्हॉल्व्ह बदलला, टँकर आला, साथ ओसरली. माझे प्रश्न त्यानंतरचे होते. खालच्या आळीतले सगळेच का आजारी पडले नाहीत? गावात त्या वेळी ११ गरोदर स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी किती जणींना लक्षणे न दिसताच संसर्ग होऊन गेला? हे प्रश्न हौसेचे नाहीत. हिपॅटायटीस ईची लस चीनमध्ये २०११ पासून परवानाप्राप्त आहे आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेन्टियू इथल्या विस्थापितांच्या छावणीत ती साथ आटोक्यात आणण्यासाठी प्रथमच वापरली गेली, गरोदर स्त्रियांनाही दिली गेली. उद्या ती आपल्या हाती आली, तर कोणत्या गावात, साथीच्या कोणत्या टप्प्यावर आणि आधी कोणाला द्यायची, हे ठरवायला अशा गावांची नीट मोजदादच लागेल. ती करण्यासाठी आजारी आणि निरोगी माणसांची शिस्तशीर तुलना करावी लागते, रक्ताचे नमुने घ्यावे लागतात, संमती घ्यावी लागते आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. समितीची पुढची बैठक पाच आठवड्यांनी होती. माझी डीआरपी त्याआधीच, चार आठवड्यांत, संपली आणि मूळ विभागात रुजू होण्याचा आदेश निघाला. पाठवलेल्या नमुन्यांचे अहवाल मी परतल्यानंतर आले, तेही प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने आपणहून व्हॉट्सॲपवर पाठवले म्हणून मला कळले. आणि माझा प्रबंध? त्याचा विषय एमडीच्या पहिल्या सहामाहीतच नोंदवून झाला होता : ग्रामीण महिलांचे एका आजाराबाबतचे ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन, नमुना संख्या ३८४. पीएसएमवाल्यांना ही संख्या पाहून हसू येईल. ठरावीक सूत्रात प्रमाण ५० टक्के आणि चूक ५ टक्के धरली की नेहमी ३८४ येतात, आणि राज्यातल्या कितीतरी प्रबंधांचे विषय वेगवेगळे असूनही माणसे तेवढीच असतात.

महोदय, मी ज्या प्रकारच्या डॉक्टरविषयी बोलत आहे तो नवा शोध नाही आणि परदेशी थेरही नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात रुग्ण तपासताना डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी सुजलेल्या गाठी पाहून प्लेग ओळखला. काही महिन्यांतच, जानेवारी १८९७ मध्ये, वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस यांच्याकडे रुग्ण होते, प्रयोगशाळा नव्हती. हाफकिन यांच्याकडे प्रयोगशाळा होती, पण ते मुळात प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हतेच. दोघे एका शहरात होते हा मुंबईचा योग. योगावर भरवसा ठेवून सव्वाशे वर्षे गेली, आता व्यवस्था करायला हरकत नसावी.

हिपॅटायटीस ईचेच घ्या. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेतून येणाऱ्या पाण्यात सांडपाणी मिसळून २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली आणि ती हिपॅटायटीस एची साथ समजली गेली. कोणीतरी त्या वेळचे रक्तद्रव जपून ठेवले होते, म्हणून सुमारे २५ वर्षांनी ते तपासता आले आणि हा विषाणू वेगळाच असल्याचे उघड झाले. त्याच संशोधनात १९७८-७९ च्या पुण्यातल्या साथीचे नमुनेही होते. याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे पोटविकारांचे डॉक्टर साथग्रस्त गावांत घरोघर फिरले आणि ही कावीळ गरोदर स्त्रियांचे इतके जीव का घेते हा प्रश्न घेऊन परतले. १९८० मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वॉर्डात तोच माणूस, गावात तोच आणि आकडेमोडीलाही तोच. चिकित्सक-संशोधक म्हणजे एवढेच.

आता आपल्या व्यवस्थेत अशा माणसाची वाट कुठे कुठे अडते ते क्रमाने सांगते.

पहिली अडचण आपल्या दोन विभागांमधल्या भिंतीची. वैद्यकीय महाविद्यालये एका विभागाकडे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे, जिल्हा रुग्णालये आणि साथ सर्वेक्षण दुसऱ्याकडे. संशोधनाचे शिक्षण जिथे मिळते तिथे साथ येत नाही आणि साथ जिथे येते तिथल्या डॉक्टरला संशोधनाची परवानगी मागायलाही वरिष्ठ नसतो. डीआरपी ही या भिंतीतली एकमेव खिडकी आहे आणि तिची तीन महिन्यांची मुदत बहुतेक ठिकाणी रिकाम्या पदांवरची ड्यूटी भरून काढण्यातच संपते.

दुसरी, प्रशिक्षणाच्या तुकड्यांची. पीएसएमचा निवासी डॉक्टर तीन वर्षांत संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात जवळजवळ जात नाही. मेडिसिनचा निवासी डॉक्टर डेंग्यू, लेप्टो आणि स्क्रब टायफसचे रुग्ण रात्रंदिवस पाहतो, पण ते कोणत्या वस्तीतून येत आहेत हे पाहायला एकदाही बाहेर पडत नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या निवासी डॉक्टरला रुग्ण दिसतो तो बाटलीवरच्या चिठ्ठीपुरता. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक अतिदक्षता विभागांत येऊ लागले, तेव्हा मज्जातंतूंच्या या आजाराचा माग काढताना शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडला आणि तपास पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपर्यंत गेला. ही साखळी जुळायला तीन शाखांचे लोक एका टेबलाशी यावे लागले. ही जुळणी संकट आल्यावर धावपळीत होते. एका माणसाच्या प्रशिक्षणात ती आधीच का होऊ नये? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. गगनदीप कांग यांनी एमडी आणि पीएचडी दोन्ही केले, लहान मुलांत जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरसवर वर्षानुवर्षे काम केले आणि २०१९ मध्ये त्या लंडनच्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. अशी उदाहरणे अपवाद म्हणून सत्काराला बरी वाटतात. ती नियम कशी होतील याचा आराखडा आपल्याकडे नाही.

संशोधन शिकवतच नाहीत असे मी म्हणणार नाही. जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आता प्रत्येक निवासी डॉक्टरला अनिवार्य आहे. मी स्वतः तो रात्रपाळीत, एका कानात इअरफोन घालून पूर्ण केला आणि प्रमाणपत्र मिळवले. पोहायचे पुस्तक वाचून झाले आहे. नदीवर जायचे राहिले आहे.

तिसरी अडचण वय आणि पैसा यांची, आणि ती बोलायला संकोच वाटतो म्हणूनच बोलते. साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन वर्षे एमडी, एक वर्ष बंधपत्र. मधे प्रवेश परीक्षांच्या तयारीचे वर्ष-दोन वर्ष धरले नाही, तरी पंचविशी मागे पडून तिशी दिसू लागते. त्यानंतर पीएचडीला जायचे, तर कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये. ही रक्कम वरिष्ठ निवासी डॉक्टरच्या वेतनापेक्षा बरीच कमी आहे. पीएचडीची चार-पाच वर्षे पुढे अध्यापनाच्या अनुभवात धरली जातील याची खात्री नाही. माझ्या बॅचमधल्या सर्वांत तल्लख मुलाला विषाणूंचा अभ्यास करायचा होता. तो आज एका खाजगी रुग्णालयात गुणवत्ता व्यवस्थापक आहे, कारण घरी गृहकर्ज आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण होते. त्याला दोष देण्याची माझी छाती नाही.

चौथी, पदांची. साथ सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला, पण जिल्ह्यातल्या साथरोगतज्ज्ञाचे पद अजूनही राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी पद आहे. ज्याला पुढच्या वर्षी आपण या जिल्ह्यात असू की नाही हे माहीत नाही, तो पाच वर्षांच्या आकड्यांचा कल शोधायला का बसेल? दर दोन लाख लोकसंख्येमागे किमान एक प्रशिक्षित क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ असावा, हा मापदंड देशोदेशींच्या आरोग्य सज्जतेचे मूल्यमापन करताना वापरला जातो. २०११ च्या जनगणनेतली ११ कोटी २३ लाख लोकसंख्या धरली, तरी महाराष्ट्राला असे ५६२ जण हवेत. तमिळनाडूत १९३९ पासून सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथे या कामासाठी वेगळे संचालनालय व वेगळा संवर्ग आहे. केंद्रानेही २०२२ मध्ये सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्गाबाबत राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. आपल्याकडे साथरोगशास्त्र शिकलेल्या डॉक्टरने अर्ज करावा असे कायम पद शोधू लागले, की पुन्हा तोच शेरा समोर येतो.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो रास्तही आहे : ग्रामीण भागात साधे डॉक्टर मिळत नाहीत, तिथे संशोधक कशाला? बंधपत्राला माझा विरोध नाही. लोकांच्या पैशावर शिकले, लोकांचे देणे लागते, आणि सेवेचा एक दिवसही कमी करून मागत नाही. पण क्षेत्रीय साथरोगशास्त्राच्या प्रशिक्षणाचा बहुतांश काळ वर्गात जात नाही; तो जिल्ह्यांत, साथीच्या गावांत, काम करता करता जातो. म्हणजे शासनाला त्या काळात डॉक्टर गमवावा लागत नाही. आणि रोग काही आपल्या प्राधान्यक्रमाची वाट पाहत थांबत नाहीत. शिमोग्याच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. साठेक वर्षांनी तोच माकडताप गोव्यातल्या सत्तरीतून आमच्या दोडामार्ग-सावंतवाडीत उतरला, तेव्हा काजूच्या बागांत काम करणारी माणसे तापाने फणफणू लागली. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव १९६५ पासून एका विषाणूला चिकटले आहे. झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. या नावांपैकी एकही महानगराचे नाही.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. मान्यताप्राप्त साथरोगशास्त्र प्रशिक्षणाचा काळ बंधपत्रित सेवेत धरावा, किंवा किमान उरलेली सेवा दंडाशिवाय पुढे ढकलता यावी. याला नवा पैसा लागत नाही, एक शासन निर्णय लागतो.

२. दोन्ही विभागांनी मिळून एमडी आणि पीएचडी यांचा सलग कार्यक्रम सुरू करावा. सुरुवातीला वर्षाला १० जागा पुरेत. त्या पीएसएम, मेडिसिन, बालरोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र या चारही शाखांना खुल्या असाव्यात; विद्यार्थ्याने संसर्गजन्य रोगांचा वॉर्ड, प्रयोगशाळा आणि जिल्हा या तिन्ही ठिकाणी प्रत्येकी किमान सहा महिने काढावेत; पूर्ण काळ वरिष्ठ निवासी डॉक्टरचे वेतन मिळावे आणि हा काळ अध्यापनाचा अनुभव म्हणून मोजला जावा. पुण्यात विषाणू विज्ञान संस्था आणि परळला हाफकिन संस्था असलेल्या राज्याला मार्गदर्शक शोधायला लांब जावे लागणार नाही.

३. डीआरपीत साथ आली, तर तिचा तपास पूर्ण होईपर्यंत निवासी डॉक्टरला तिथे थांबू द्यावे आणि तोच तपास प्रबंधाचा विषय म्हणून स्वीकारण्याची मुभा विद्यापीठाने द्यावी, मग आधी काहीही नोंदवलेले असो.

४. साथींच्या तपासासाठी सर्वसाधारण आराखडे आधीच मंजूर करून ठेवावेत, म्हणजे साथ आल्यावर नीतिमत्ता समितीला फक्त गाव आणि तारीख भरून दोन दिवसांत होकार देता येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीच्या काळातल्या संशोधनासाठी वेगळे प्रकरणच आहे. नवे काही शोधायचे नाही.

५. जिल्हा साथरोगतज्ज्ञाची पदे कायम करावीत आणि नमुन्याचा अहवाल तो पाठवणाऱ्या डॉक्टरच्या हाती पोहोचणे बंधनकारक करावे.

पहिली आणि तिसरी मागणी या शैक्षणिक वर्षातच पूर्ण होऊ शकते, असे मला नियम वाचून वाटते. दुसरीला वेळ लागेल हे समजते. तिच्यासाठी समिती नेमली तर तिच्यात किमान दोन सदस्य चाळिशीच्या आतले, प्रत्यक्ष साथीत काम केलेले असावेत, एवढी जोडविनंती आहे.

माझ्या प्रशिक्षणाची जागा पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत राखून ठेवली आहे. मी अर्ज पुन्हा त्याच कार्यालयात दाखल केला असून या वेळी त्याला त्या गावाचा नकाशा, व्हॉल्व्हच्या खड्ड्याचे छायाचित्र आणि आशाताईंच्या वहीच्या दोन पानांची, नावे झाकलेली, छायांकित प्रत जोडली आहे. ११ गरोदर स्त्रियांपैकी नऊ जणींची बाळंतपणे सुखरूप झाल्याचे आशाताईंनी फोनवर कळवले. उरलेल्या दोघी माहेरी गेल्या, त्यांचे पुढे काय झाले ते कोणीही नोंदवलेले नाही.

आपली विश्वासू,
जनऔषधवैद्यकशास्त्राची एक पदव्युत्तर डॉक्टर, बंधपत्रित सेवेत